उपाशीपोटीचा नकार

आप्पा तापलेली काच नळीने फुंकून बरण्या घडवत. भरल्या पोटी फुंकर लांबत नाही, असा भट्टीवरच्या माणसांचा पक्का समज. म्हणून काम संपेपर्यंत ते अन्नाला शिवत नसत. दुपारी घरी येत ते कपाळाला आठ्या घालूनच. तेव्हा त्यांना सगळं जग मोडीत निघालेलं दिसे.

त्या दिवशी लेकीला दम धरवला नाही. त्यांनी चपला काढायच्या आत तिने विचारलं, "आप्पा, नर्सिंगला परगावी जाऊ?"

"काही नको! घरात बस."

लेकीचे डोळे भरले. आईने ताट वाढलं. "आधी जेवू दे गं त्यांना. रक्तातली साखर उतरली की हे देवाशीही भांडतील."

आप्पा जेवले. हळूहळू आठ्या विरल्या, खांदे सैल पडले. मग त्यांनी रिकामं ताट बाजूला सारलं. चार घासांनी आपलं मन पालटावं, याची त्यांना लाज वाटली आणि धास्तीही. आजवर असे किती नकार दिले असतील आपण?

"पोरी," ते म्हणाले, "मघाशी काय विचारलंस? पुन्हा विचार."