झवेरबेनचा चौकोन

मृदुलाबेन वसावडा राजकोटला मुलाकडे राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण जेतपूर काही त्यांच्या डोक्यातून जात नाही. सुनेच्या स्वयंपाकघरातही त्या मनातल्या मनात बाण काढत बसतात: पीठ कुठून आलं, कुणी मळलं, पुढे कुणाच्या हातात गेलं. सून म्हणते, "बा, रोटली आहे ही, साडी नव्हे." त्या हसतात आणि मनाने जेतपूरला दामजीशेठच्या साड्यांच्या छपाई कारखान्यात जाऊन पोचतात. काय दिवस होते ते! भादर नदीच्या वाळूत लांबच लांब साड्या वाळत पडलेल्या, हवेत रंगाचा वास, आणि कचेरीत कुरकुरणाऱ्या पंख्याखाली मृदुलाबेन, मॅट्रिक पास कारकून.

एका वर्षी शेठचा मुलगा किरीट अमदावादहून शिकून आला. दिवाळीनंतर लाभपांचमीच्या मुहूर्तावर कारखाना पुन्हा उघडला आणि त्याने कचेरीच्या भिंतीवर भला मोठा खाकी कागद चिकटवला.

"मृदुलाबेन, कोरं कापड आत येतं तिथपासून गासडी फाटकाबाहेर जाते तिथपर्यंत सगळं यावर काढा. प्रत्येक माणसाचा चौकोन. माल ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे बाण."

"आणि मग?"

"ज्या चौकोनात मालाचं काहीच होत नाही, तो पुसायचा. बाजार मंदा आहे, बेन. उगाच कुणाला पोसायची ताकद राहिली नाही आता."

मृदुलाबेनना त्या कामाचं वेडच लागलं. ज्या कारखान्यात तरुणपण काढलं तो आपण कधी पाहिलाच नव्हता, असं त्यांना वाटू लागलं. विचारलं की माणसं नियम सांगत, आणि करत भलतंच. नव्या छापाचा नमुना म्हणे थेट रंग कालवायच्या खोलीत जातो. जातो कसला! तो आधी चहाच्या टपरीवर जायचा, कारण रंगमास्तर सकाळभर तिथेच पाय पसरून बसलेला. त्यांनी टपरीचाही चौकोन काढला. किरीट खो खो हसला आणि म्हणाला, "राहू द्या, खरं आहे ते." एकच माल दोन गोदामांत दोनदा मोजला जायचा, कारण दोघे गोदामवाले साडू होते आणि त्यांच्यात विस्तव जात नव्हता.

शेवटी त्या फाटकाशी आल्या आणि त्यांची पेन्सिल थांबली. फाटकाशी झवेरबेन खत्री बसायच्या.

झवेरबेनचा नवरा याच कारखान्यात छपाईला होता. तो गेला तेव्हा दामजीशेठनी त्यांना बोलावून खुर्ची दिली. उपकार म्हणून दिली असती तर त्या उंबऱ्यावरूनच परत फिरल्या असत्या, इतक्या मानी. म्हणून एक काम शोधून काढलं. शिवून, शिक्का मारून तयार झालेली प्रत्येक गासडी त्यांच्या मेजापुढे थांबायची, त्या तिच्यावर तळहात ठेवून "जाऊ दे" म्हणायच्या, मग हमाल गाडा ओढायचे. "तुमचा हात लागल्याशिवाय गासडी बाहेर जाणार नाही," असं पहिल्या दिवशी मृदुलाबेननीच त्यांना सांगितलं होतं. सगळा कारखाना ते नाटक इमानाने वठवत आला होता.

हात ठेवल्याने गासडीचं काय होत होतं? काही नाही. पण पदरात दोन मुली असलेल्या बाईला पुसायचं तरी कसं? मृदुलाबेननी चौकोन काढला आणि आत लिहून टाकलं, 'अखेरची तपासणी'. लिहिताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दुपारी झवेरबेन डबा घेऊन आल्या. ढेबरं आणि छुंदो. खाता खाता उठल्या आणि बाणांवरून बोट फिरवत फिरवत फाटकापाशी आल्या.

"अगं, ही मी?"

"तुम्हीच."

"तपासणी? काय तपासते गं मी?"

"शिवण... शिक्का..."

"मृदुला, माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुझे कान लाल होतात."

मृदुलाबेननी पदर कानांवर ओढला. झवेरबेन मात्र हसल्या. "पहिल्याच वर्षी धाकटीला गोवर आला, मी आठवडाभर घरी होते. परत आले तर फाटकात एक गासडी साचली असेल तर शपथ! तेव्हाच कळलं मला."

"मग इतकी वर्षं..."

"तुम्ही सगळे इतक्या मायेने फसवत होतात, मी कुठल्या तोंडाने सांगू? तो लंगडा हमालसुद्धा थांबायचा गं माझ्या 'जाऊ दे'साठी. आणि लेकींना दोन वेळा जेवायला नको?" मग त्यांचा आवाज खाली आला. "पण रोज घरी जाताना वाटायचं, कुणावाचून कुणाचं अडत नाही म्हणतात. नसेल अडत. पण थोडं तरी अडावं गं माणसाचं."

मृदुलाबेनना रडू आवरेना. झवेरबेनचं बोट मात्र कागदावर एका बाणाशी थांबलं होतं. तो बाहेरून आत येत होता.

"हा कसला?"

"परत आलेला माल. डाग पडला, रंग उतरला की व्यापारी माघारी धाडतात."

"मग तो जातो कुठे?"

"कोपऱ्यातल्या खोलीत ढीग पडतो. व्यापारी बोंबलतात, कुणी ऐकत नाही. तिथे कुणाचाच चौकोन नाही."

"मग माझा काढ. आणि फाटकातला पूस. तूच पूस, किरीटने नको."

किरीट कुरकुरला. "व्यापारी फार वाईट बोलतात, झवेरबेन."

"भाई, मी दोन मुली एकटीने वाढवल्यात. लोकांचं बोलणं मला नवीन आहे होय?"

"होळीपर्यंत बघू. नाही जमलं तर मग माझा नाइलाज आहे."

झवेरबेननी खोली उघडली, उंदीर हाकलले, ढिगातून एकेका व्यापाऱ्याचा माल वेगळा केला आणि पुन्हा रंगवून घेऊन ज्याचा त्याला धाडू लागल्या. दिवसभर धूळ खाऊन खोकायच्या. आणि होळी तोंडावर आली असताना घोटाळा झाला. मोरबीच्या व्यापाऱ्याच्या पुन्हा रंगवलेल्या साड्या त्यांनी गोंडलला धाडून दिल्या. एरवी त्यांच्याशी मऊ लोण्यासारखे बोलणारे दामजीशेठ कचेरीत येऊन कडाडले.

"झवेर! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मोरबीच्या दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक बसलंय, आणि माल गोंडलला? तू घातलास घोळ, तूच निस्तर! दुसऱ्या कुणाला जमणार नाही ते!"

संपलं, मृदुलाबेनच्या मनात आलं. झवेरबेन "हो शेठ" म्हणाल्या आणि तशाच उठून गोंडलच्या बसला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कचेरीत आल्या त्या नवी साडी नेसून, हातात पेंड्यांचा पुडा घेऊन. माल मोरबीला पोचला होता.

"थोरलीचं जमलं वाटतं?" मृदुलाबेननी विचारलं.

"नाही गं," झवेरबेन म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काल शेठ ओरडले ना माझ्यावर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले."

आणि पहिला पेंडा त्यांनी शेठच्याच हातावर ठेवला.