पऱ्हाटीतला वाघ आणि झूमची दुर्बीण

"मॅडम, तो पाहा, धुऱ्यावर. पट्टे स्पष्ट दिसतायत," शूटरसाहेब कुजबुजले आणि त्यांनी रायफलकडे हात नेला.

मी मचाणावरून माझ्या दुर्बिणीतून पाहिलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, साडी होती. नारिंगी, काळ्या पट्ट्यांची. आमच्याकडे रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, शिरू नयेत म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. साहेब खात्यानं बोलावलेले, बाहेरगावचे, त्यांना काय माहीत.

"साडी आहे," मी म्हटलं. त्यांनी रायफलवरचा हात काढला.

तेव्हा मी उमरखेडच्या बाजूला रेंजर होते. कापसाचे दिवस वाईट चाललेले, त्यात एका वाघानं वेचणी करणाऱ्या बाईला पऱ्हाटीतच मारलं. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. आदेश त्या एकाच वाघाचा होता. पकडा, नाहीच जमलं तर गोळी. कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला होता. डाव्या खांद्यावरचा एक पट्टा खाली दुभंगलेला. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. आणि त्या भागात दुसराही वाघ फिरत होता, हे पगमार्कवरून कळलं होतं. चुकीचा मेला असता तर एक जीव फुकट गेला असता आणि माणूस मारणारा मोकळाच राहिला असता. माझी झोप याच काळजीनं उडवली होती.

दुर्बीण मी निवडली होती. आमचे वरिष्ठ म्हणाले, "तीसवाली घ्या ना, पॉवर जास्त."

"सर, तीसवर वाघाचा कान दिसेल. वाघ कुठे बसलाय ते दिसणार नाही."

दुर्बिणीवर ८-२०×५० असं लिहिलेलं असतं. वस्तू आठपटीपासून वीसपटीपर्यंत जवळ दिसते, खटका सरकवून पॉवर बदलायची. पन्नास हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तर उजेड जास्त. पण पॉवर वाढवली की दिसणारा तुकडा लहान होतो, उजेड घटतो, आणि हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. वाघ तर निघतो दिवस मावळताना. म्हणून दुकानातल्या दुर्बिणी मी दिवेलागणीला रस्त्यावर नेऊन पाण्याच्या टाकीवर रोखल्या. तीसवालीत नुसता काळोख. मी आठ-वीसवाली उचलली, तिवईसकट. शूटरसाहेब मात्र स्वतःची तीसवाली घेऊन आले, ती तीसवरच लावलेली. असो.

मचाण सुशीलाबाईंच्या शेतात होतं. मेलेली बाई त्यांची जाऊ. दोघी दुसऱ्याच्या शेतात शेजारी-शेजारी वेचत होत्या. मचाणावर त्यांना बसू देणं नियमात बसत नव्हतं, पण त्या उतरेनात.

"बोंडं फुटून राह्यली, म्याडम. एक बाई वेचणीले यायले तयार नाई. कोणता बी असो, पाडा त्याले."

ऊन उतरलं. दुर्बीण आठवर ठेवून मी एकेक ओळ बघत होते. पांढऱ्या बोंडांमागे काहीतरी सरकलं. तिथंच धरून हळूच वीसवर नेलं, आणि अख्ख्या भिंगात वाघाचं तोंड आलं. मिशीला कापसाचा धागा चिकटलेला. डोळे सरळ माझ्यावर. एवढ्या नोकरीत वाघ काही कमी पाहिले नाहीत, पण वेचायच्या कापसात असा निवांत बसलेला वाघ पहिल्यांदाच पाहत होते. भीती होतीच. त्याहून जास्त हात जोडावेसे वाटले.

"मलाही दिसला. टाकू?" शूटरसाहेब.

"थांबा. खांदा दिसू द्या."

"उजेड जातोय, मॅडम."

"जाऊ द्या."

जनावर उठलं, वळलं. डाव्या खांद्यावरचे पट्टे सगळे सलग. एकही दुभंगलेला नाही. मी पॉवर परत आठवर आणली, तर बाजूला दोन बछडे. एक साडीचा पदर दातात धरून ओढत होता. साड्यांमुळे डुकरं आत येत नव्हती, त्यामुळे वाघिणीला आयताच आडोसा मिळाला होता. तीसवालीच्या इवल्याशा तुकड्यात बछडे नव्हतेच. मी माझी दुर्बीण पुढे केली. शूटरसाहेबांनी बराच वेळ पाहिलं, मग रायफलमधली गोळी काढून खिशात टाकली.

सुशीलाबाईंना दाखवायची मला धास्ती वाटत होती. त्यांनी डोळे लावले आणि हलेचनात.

"बाई गं, केवढी देखणी हाये," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "ही थो नाई. त्याचं डोस्कं केवढं तरी मोठं होतं. इले कायले मारता?"

पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे शेतात दहीभात शिंपडतात. सीतादही म्हणतात त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीलाबाईंनी तो बाहेरच्या धुऱ्यावरूनच शिंपडला आणि जमलेल्या बायांना बजावलं, "यंदा या वावरात पाय ठेवू नका. आत बाळंतीण हाये."

तो कापूस झाडावरच राहिला. पुढे खरा वाघ दुसऱ्या गावच्या शिवारात बेशुद्ध करून पकडला. पट्टा दुभंगलेला होता.

झूमची दुर्बीण घेताना सगळे वरचा आकडा पाहतात. खालचा, कमी पॉवरचा, पाहा. गोळी सुटायच्या आधी तोच कामाला येतो.