हिरव्या कागदाचा रेनकोट

फ्रँकफर्टच्या विमानतळावर आत जायच्या आधी यांनी माझं बोट धरलं आणि त्या हिरव्या कागदाच्या आतल्या पानावर नेऊन ठेवलं. तीन चौकोन होते, तिसऱ्यात फुली. "ही फुली लक्षात ठेव," हे म्हणाले, "कुणी अडवलं तर काही बोलू नकोस, कागद उघड आणि इथं बोट ठेव." मी हो हो म्हणत होते, पण माझं सगळं लक्ष लेकीकडं, शर्वीकडं, ती बॅगेच्या गाडीवर चढून बसली होती आणि पडणार होती.

तो कागद म्हणजे काय ते आधी सांगते. आम्ही र्युसेल्सहाइमला राहतो, हे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. मला इथं राहायचं जे कार्ड मिळालेलं त्याची मुदत संपली, नवीन करायला दिलं, पण आउसलेंडरबेहोर्डमध्ये (परदेशी लोकांच्या ऑफिसात) इतकी गर्दी की कार्ड कधी येईल कुणी सांगेना. तोवर ते एक घडीचा हिरवट कागद देतात. त्याचं खरं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही, घरात आम्ही हिरवा कागदच म्हणतो. तिसऱ्या चौकोनात फुली असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. नसेल तर गेलात की गेलात. शर्वी इथंच जन्मली, तिचं कार्ड वेगळं आणि त्याची मुदत भरपूर होती.

कार्ड येईपर्यंत कुठं जाऊ नये असं सगळेच म्हणत होते. पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, बार्शीला, आणि लग्न काही ऑफिससाठी थांबत नाही. यांना सुट्टी मिळाली नाही. मग मी एकटी, कडेवर शर्वी, आणि पर्समध्ये कागद. मी बारावीला इंग्रजीत राहिलेली बाई, जर्मनचा पहिला कोर्स कसाबसा झालेला. विमानात पूर्णवेळ पर्स पोटाशी धरून बसले होते, जेवणाचा ट्रे पण त्याच्यावरच ठेवला.

मुंबईत उतरल्यावर भाऊ गाडी घेऊन आला होता. बार्शीपर्यंत रस्ता नुसता तापलेला. शेतं मोकळी, बांधावर एखादी बाभळ, आणि खिडकी उघडली की तोंडावर चुलीसारखी हवा. शर्वीनं असलं ऊन कधी पाहिलं नव्हतं, ती सारखी "हाइस, हाइस" (गरम) म्हणत होती आणि भाऊ म्हणत होता, "हाइस म्हंजे काय गं? हाय का नाय?"

घरी पोचलो तर मांडव घातलेला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मला वाटलं आता जरा टेकावं, पण लग्नघरात कुठलं टेकायचं. बायका शर्वीभोवती जमल्या. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, तिथं पाळणाघरात दिवसभर तेच कानावर पडतं. माझी आत्या म्हणाली, "ये, मांडीवर ये माझ्या." शर्वी म्हणाली, "नाइन." (नाही.)

"काय म्हनती?"

"नऊ म्हणतीय," भाऊ म्हणाला, "नऊ लाडू दे म्हणतीय."

सगळे हसले. आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "साहेबाची पोर झाली गं ही. तू काय शिकिवलंस?" मी पण हसले. रात्रंदिवस मी तिच्याशी मराठीच बोलते, ते कुणाला दिसतं.

चार दिवस कसे गेले कळलं नाही. शेंगांच्या चटणीचा वास, हळदीची पातेली, कुणाची तरी साडी सापडेना, कुणाचा तरी चष्मा. मी पर्स कुठं ठेवू म्हणून वणवण करत होते. खोलीत पाहुणे, कपाटात दागिने, आणि एकदा तर पर्स हळदीच्या परातीशेजारी उघडी राहिलेली, पोरं तिथंच हळद उडवत होती. ते माझ्या वडिलांनी, आबांनी पाहिलं. आबा एसटीत कंडक्टर होते. कागद या गोष्टीचा त्यांना फार मान. आमच्या घरात एकदा पेटीला वाळवी लागली आणि आईचा शाळेचा दाखला तिनं पार खाल्ला, तेव्हापासून घरात कागद आला की आबा तो लॅमिनेशन करून आणतात. रेशनकार्ड, माझी दहावीची मार्कलिस्ट, गाईच्या इंजेक्शनचा कागद, सगळं प्लॅस्टिकमध्ये. पाव्हणे थट्टा करतात की जावई पण करून ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं देवापुढं पासपोर्ट आणि कागद ठेवून कुंकू लावलं. नंतर मी बहिणीच्या सासरच्या मंडळींना चहा देत होते तर आबा शर्वीला घेऊन बाजारातून आले. माझ्या हातात दिला.

"हे घे. आता पाऊस येऊदे, वाळवी येऊदे, कुनाच्या बापाला भ्यायचं कारण नाय."

हिरवा कागद. घडीसकट. दुकानदार उघडून करू म्हणत होता, पण आबांनीच सांगितलं की जावयानं घडी घालून दिलाय, घडी मोडायची नाही. चारी बाजूंनी कडक प्लॅस्टिक, कोपरे गोल केलेले. वरच्या पानावर एक नंबर आणि आईच्या कुंकवाचं बोट, ते पण आतच बंद झालेलं. आणि फुली आतल्या पानावर.

आबांचं तोंड इतकं समाधानी होतं. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले आणि न्हाणीघराचं दार लावून यांना फोन केला. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कापू नकोस. काही झालं तरी स्वतः कापू नकोस. कापलं तर म्हणतील हिनंच काहीतरी केलं."

"अहो पण आतलं दिसत नाही ना."

"माझ्याकडं आतल्या पानाचा फोटो आहे. पाठवतो. तो दाखव." मग हळूच म्हणाले, "आबांना काही बोलू नकोस हं."

मुंबईच्या काउंटरवर जी मुलगी होती ती मराठीच होती, कपाळाला बारीक टिकली. तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, नखानं कड उचकून पाहिली.

"ताई, हे उघडत नाही."

"हो. लॅमिनेशन केलंय."

"याला? का?"

"वडिलांनी केलं."

ती थोडी हसली, दमलेलं हसू होतं. "माझ्या पप्पांनी माझ्या डिग्रीचं केलंय," म्हणाली. मग तिचा चेहरा कामाचा झाला. "मुलीचं कार्ड ओके आहे. ती जाऊ शकते. तुमचं सरांना विचारावं लागेल."

ती जाऊ शकते. हे तिनं चांगल्या मनानं सांगितलं. तीन वर्षाची पोर जाऊ शकते आणि मी नाही. मी शर्वीचा दंड इतका घट्ट धरला की ती रडायला लागली.

सर आले, त्यांनी माझ्या फोनमधला फोटो मोठा करून पाहिला, नंबर जुळवला, मग कुठं कुठं फोन लावत राहिले. आम्हाला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. आमच्यामागून आलेली माणसं पुढं जात होती, बॅगा पट्ट्यावरून जात होत्या, आणि मी मनात हिशोब करत होते की बार्शीला परत गेले तर आबांना काय सांगू. शेवटी सर बोर्डिंग पास घेऊन आले. "जर्मनीहून हो म्हणालेत," म्हणाले, "पण मॅडम, तिथं उतरल्यावर पोलीस काय ठरवतील ते आमच्या हातात नाही. त्यांनी नको म्हटलं तर आमच्याच विमानानं परत यावं लागेल."

त्या प्रवासातलं मला काहीच आठवत नाही. काय खायला दिलं, खाली काय दिसलं, शेजारी कोण होतं. शर्वी माझ्या मांडीवर झोपली आणि माझे पाय बधिर झाले तरी मी हलले नाही. एवढंच वाटत होतं की विमान असंच चालत राहावं, उतरूच नये.

फ्रँकफर्टला रांगेत आमचा नंबर आला. काचेमागं दाढीवाला तरुण पोलीस होता. त्यानं कागद वाकवून पाहिला, तो वाकेना. "वास इस्ट डास?" (हे काय आहे?) मला यांनी सांगितलेलं तेवढंच आठवलं. मी प्लॅस्टिकवर बोट ठेवलं, जिथं आत फुली असेल असं वाटलं तिथं. तो माझ्या बोटाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. फोन दाखवला तर त्यानं मान हलवली, फोटो नको. मग उठून म्हणाला, चला माझ्याबरोबर.

एका लहान खोलीत नेलं. तिथं टेबलामागं एक वयस्कर पोलीसबाई होती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं कागद दिव्यापुढं धरला. कुंकवाचा डाग दिसला तशी तिनं विचारलं, "ब्लूट?" रक्त का म्हणून.

"नाइन," मी म्हटलं, आणि कुंकवाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला येईना, "गॉट." देव.

तिनं कागद टेबलावर ठेवला. मग वारुम, वारुम (का) असं विचारायला लागली, असं बंद का केलंय, आत काय आहे, कुणी केलं. मला समजत होतं, पण तोंडात शब्द येईनात. फाटर, गूट, असं काहीतरी बोलले, वडील, चांगलं. ती लिहून घेत होती आणि मला वाटत होतं की मी जे बोलतेय त्याच्यानं आणखी बिघडतंय. शर्वीला भूक लागली होती. मी आईनं दिलेली कडक भाकरी तिच्या हातात दिली आणि ती खुर्चीवर पाय हलवत कुरुकुरु खायला लागली. चुरा सगळा खाली पडत होता, मी तो पण गोळा करत होते.

शर्वीनं घास गिळला आणि त्या बाईला सांगितलं, आपल्या रोजच्या आवाजात, "ओपा हाट इम आइनेन रेगनमांटेल गेगेबन." (आजोबांनी त्याला रेनकोट दिला.)

बाईचं पेन थांबलं. "रेनकोट? कुणाला?"

"मामाच्या कागदाला." जर्मनमध्ये मामा म्हणजे आई. "मी पण होते दुकानात. तो गरम मशीनमधून बाहेर आला."

"इंडियात पाऊस पडत होता का?"

"नाइन," शर्वी म्हणाली. "पण तिथं किडे आहेत. ते कागद खातात. ओमाचा (आजीचा) शाळेचा कागद खाल्ला."

बाईनं चष्मा काढला. माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली, जा, जा, गेनाऊ (हो, हो, अगदी तसंच). माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि हाताला भाकरीचा चुरा, पुसता पण येईना.

तिनं ड्रॉवरमधून कात्री काढली आणि मला विचारलं, "डार्फ इश?" कापू का म्हणून. आयुष्यात पोलिसानं माझी परवानगी पहिल्यांदाच विचारली असेल. मी हो म्हटलं. तिनं दुधाच्या पिशवीसारखी हळूहळू तिन्ही बाजूंची कड कापली, कागदाला कात्री न लावता. वरून प्लॅस्टिक चिकटलेलं होतं पण घडीच्या आत नव्हतं. कागद कडकड आवाज करत उघडला. आतलं पान कोरं करकरीत होतं. तिसरा चौकोन, फुली.

मी बोट ठेवलं. ती म्हणाली, दिसतंय मला.

तरी सुटका लगेच नाही झाली. कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, फोन केले, दाढीवाला आत बाहेर करत होता. मग पासपोर्टवर शिक्का पडला. कागद परत देताना बाई म्हणाली, ऑफिसात जाऊन नवीन घ्या, लगेच. आणि शर्वीकडं वाकून म्हणाली, ओपाला सांग, आता रेनकोट नको.

बाहेर हे कठड्याला धरून उभे होते. बाकीची माणसं केव्हाच गेली होती. यांनी शर्वीला उचललं, माझ्या खांद्यावरची पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली, बायकांची पर्स. एसबानमध्ये (लोकल गाडीत) बसल्यावर मी चटणीची पिशवी उघडली तर ती सांडून सगळ्या साड्यांना लागलेली. हे तिथलीच चिमूटभर घेऊन भाकरीशी खायला लागले. खिडकीबाहेर मोहरीसारखी पिवळी शेतं होती, मग कारखान्याच्या भिंती, मग आमचं स्टेशन. ते स्टेशन मला कधी आवडलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्या पाटीकडं बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात ऑफिसनं दुसरा कागद दिला. जुना रद्द करायला तिथल्या बाईनं शिक्का मारला तर प्लॅस्टिकवर शाई बसेना, बोटानं पुसली जायची. शेवटी तिनं पंच आणून कोपऱ्याला भोक पाडलं. कुंकू राहिलं.

रविवारी आबांचा व्हिडिओ कॉल आला. पहिलं हेच विचारलं, "कागदाला कुठं धक्का लागला न्हाय ना?"

"न्हाय आबा," मी म्हटलं. "जसाच्या तसा."

"मग. म्या म्हनलं व्हतं. नवा दिला का त्यांनी? परत येशील तवा घेऊन ये, त्यालाबी करून टाकू." हे फोनमागं उभं राहून हात जोडत होते. आबा शर्वीला म्हणाले, "काय गं, आजोबाचं काम आवडलं का पोलिसाला?"

शर्वी म्हणाली, "आवडलं." मराठीत.

कार्ड अजून आलेलं नाही. नवा हिरवा कागद मी एका पारदर्शक पाकिटात ठेवलाय, एका बाजूनं उघडं असतं तसल्या. घरातली कामं आवरली की रोज कपाट उघडते, पाकिटात बोट घालते आणि कागद थोडा वर ओढून बघते, निघतोय ना. निघतो. मग परत खाली सारते.