वहिनींच्या मापाचे चार पिस्टन

गुणवंतभाऊंच्या वर्कशॉपमध्ये काम टाकून निघून येता येत नाही. काम होईपर्यंत बसावं लागतं. मी आमगावच्या शाळेत गणित शिकवतो, पण गेल्या वर्षी माझे जवळजवळ सगळे रविवार गोंदियात, त्यांच्या लेथजवळच्या लाकडी बाकावर गेले. बसून राहणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. मित्रांना एक सांगायला गेलो की दुसरा आठवतो, म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे लिहूनच काढू.

मी तिथे कशाला जात होतो? नागपूरबाहेरच्या एका मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून त्यांच्यामधून गाड्या पळवायची शर्यत असते. कमी वेळ लागेल तो पहिला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला तिचा नाद लागला. एक जुनी छोटी गाडी घेतली आणि तिचं इंजिन शर्यतीसाठी नव्याने बांधायला काढलं. त्यात सगळा खेळ पिस्टन आणि सिलिंडरच्या मधल्या फटीचा. ती मोजायची थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. डोक्याचा एक केस अडीच-तीन थाऊ जाड असतो. फट कमी पडली तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरतो, जास्त झाली तर आतल्या आत आपटतो.

भाऊ सिलिंडर कापतात आणि माप घेतात त्यांच्या बायको, दुर्गावहिनी.

* * *

पूर्वी माप भाऊच घ्यायचे. माणूस हाताचा सोन्यासारखा, पण आकडा गोल करायची सवय. तेवीस आलं की पंचवीस म्हणायचे, अठरा आलं की वीस.

एकदा चिचगडच्या एका शेतकऱ्याचं ट्रॅक्टरचं इंजिन त्यांनी बांधून दिलं. ते चिखलणीच्या वेळी धानाच्या भर बांधीत जाम झालं. ट्रॅक्टर ओढत ओढत वर्कशॉपच्या दारात आला. त्या माणसाने शिवीगाळ केली नाही, पायरीवर बसून राहिला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि आत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "ते मापाचं यंत्र दाखवा मले. कसं वाचते ते?"

दहावी शिकलेल्या वहिनींनी दोन दिवसांत मायक्रोमीटर शिकून घेतला. तिसऱ्या दिवशी भाऊंनी माप घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तुमी कापा. सांगतो मी."

* * *

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नवे चार पिस्टन घेऊन गेलो होतो. वहिनींनी ते एकेक करून मोजायला घेतले. मला घाई होती. म्हटलं, "वहिनी, एकच मोजा ना. एकाच डब्यातले आहेत, सारखेच असणार."

त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या वर्गातले पोट्टे एकाच गावचे ना, सर?"

"हो."

"सारखे आहेत का?"

चारांतले दोन अर्ध्या थाऊने मोठे निघाले. वहिनींनी प्रत्येकाच्या डोक्यावर मार्करने नंबर टाकला आणि भाऊंना चार वेगळे आकडे लिहून दिले. ज्याचा त्याचा सिलिंडर ज्याच्या त्याच्या मापाचा.

* * *

दुसऱ्या वेळी एप्रिल महिना होता. मधल्या काळात पिस्टन मी घरी नेले होते, परत आणताना ते डिक्कीत होते. बारा वाजता पोचलो. वहिनींनी एक पिस्टन हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"यायले ताप आहे. उद्या या."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ॲल्युमिनियम उन्हात फुगतं, खोटं माप देतं. त्यांनी चारही पिस्टन आतल्या खोलीत माठाशेजारी मांडले आणि मायक्रोमीटरही त्यांच्या बाजूला ठेवला. "सकारपर्यंत सगळे एका खोलीत राहू द्या. मंग खरं बोलतीन."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सुट्टीचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "घरी चार जणांना ताप आहे."

* * *

माप घेताना वहिनी हातातल्या बांगड्या काढून ठेवतात, कारण त्या मायक्रोमीटरला लागतात. काचेच्या बांगड्या वर्कशॉपात ठेवणार कुठे? भाऊंच्या शर्टाच्या खिशात.

एकदा भाऊ तसेच पानटपरीवर गेले. सुटे पैसे काढायला खिशात हात घातला आणि टपरीच्या काउंटरवर सहा हिरव्या बांगड्या मांडल्या. तिथे चार-पाच जण उभे होते. टपरीवाल्याने शांतपणे दोन पानं बांधली आणि म्हणाला, "एक वहिनीले."

भाऊ ते पान घेऊन आले आणि वहिनींच्या समोर ठेवलं. वहिनींनी विचारलं, "काऊन?" भाऊ म्हणाले, "खाय ना."

* * *

इंजिनासाठी मी नागपूरच्या एका ट्यूनरचा सल्ला घेत होतो. शर्यतीच्या गाड्या बांधणारा नावाजलेला माणूस. फट किती ठेवायची ते त्याने भाऊंना फोनवर सांगितलं. मग त्याने विचारलं, "नाप कौन ले रहा है?" फोन स्पीकरवर होता.

"मेरी मिसेस," भाऊ म्हणाले.

पलीकडे ट्यूनर जरा खाकरला. मग, "भैया, बुरा मत मानना. वहाँ कोई मशीनिस्ट नहीं है क्या?"

"है ना," भाऊ म्हणाले. "वो मैं हूँ. इसीलिए तो मिसेस नाप रही है."

वहिनी कोपऱ्यात पिस्टन पुसत होत्या. त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं, पण तो एक पिस्टन त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

* * *

शर्यत झाली. अकरा गाड्यांत मी सातवा आलो, दोन शंकूही पाडले. भाऊ माझ्यासोबत आले होते. मैदानावर त्यांना ना वेळेशी घेणं, ना नंबराशी. प्रत्येक फेरी झाली की ते बॉनेट उघडायला लावायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "तापून राहिलं, पन बोलून नाई राहिलं." तो ट्यूनरही येऊन कान लावून गेला. जाताना त्याने भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाभीजी को नमस्ते बोलना."

आम्ही परत आलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "पिस्टन कसे आहेत?"

मी कितवा आलो, ते त्यांनी आजपर्यंत विचारलेलं नाही.

* * *

मग एकदा बोलता बोलता कळलं, की इतक्या गाड्यांचे पिस्टन मोजले, पण त्यांतल्या एकाही गाडीत वहिनी बसलेल्या नाहीत. मला फार लागलं ते. म्हटलं, येत्या रविवारी देवरीपर्यंत चक्कर मारू.

डिसेंबरची सकाळ होती, चांगलीच थंडी. वहिनी नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या, भाऊ मागे. मी चावी फिरवली. गाडी रात्रभर वर्कशॉपच्या बाहेर उभी होती, इंजिन थंडगार. गियर टाकणार, इतक्यात वहिनींनी हात वर केला.

"थांबा. काढू नका."

त्यांनी डोळे मिटले. अर्धा मिनिट आम्ही तिघं इंजिनाचा आवाज ऐकत बसलो. मला तरी त्यात काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं.

"तीन नंबर अर्धा थाऊ सैल आहे," वहिनी म्हणाल्या.

मी हसलो. सिलिंडर शेवटचे घासून मापाला आणले तेव्हा वहिनी माहेरी सालेकस्याला गेल्या होत्या, आणि त्या दिवसाचा मापांचा कागद माझ्याकडे फाइलला होता. मी म्हणालो, "नाही वहिनी. कागदावर चारही फटी सारख्या आहेत. भाऊंनी स्वतः मोजून लिहिल्यात."

वहिनींनी मान वळवून मागे पाहिलं.

मी आरशात पाहिलं. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते, रस्त्यापलीकडच्या, कापून झालेल्या धानाच्या बांध्यांकडे. बघता बघताच म्हणाले,

"तुले कोनं सांगतलं?"