मागच्या सीटचे शॉकअप

लग्नानंतर आम्ही नागपूरहून बंगलोरला आलो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती आणि जे. पी. नगरमध्ये दोन खोल्यांचं घर भाड्याने मिळालं होतं. पहिल्याच वर्षी मी एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांची मोटारसायकल घेतली. जुन्या घडणीची, गोल दिव्याची, काळ्या टाकीवर सोनेरी रेघ ओढलेली. चालवणाऱ्याच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा होत्या. मागच्या सीटखाली काहीच नव्हतं, नुसती पत्र्यावर ठेवलेली गादी. खड्डा आला की मला थोडा लागायचा आणि बायकोला पुरता.

ती तक्रार करत नसे. "तुझी गाडी दिसते छान," एवढंच म्हणायची.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. तिसरा महिना चालू असताना एका शनिवारी दुपारी आम्ही बनशंकरीच्या देवळातून घरी येत होतो. पुढची बस थांबा नसताना थांबली. मी पुढचा ब्रेक दाबला, मग मागचा. गाडी थांबली नाही, नुसती मंदावली. बसच्या बाजूने काढायला गेलो तर समोर रात्रीतून कुणी तरी घातलेला मातीचा गतिरोधक होता. गाडी त्यावरून उडाली आणि आदळली. आम्ही पडलो नाही. बायकोने माझ्या खांद्यावरची पकड घट्ट केली आणि म्हणाली, "हळू."

तीन दिवसांनी सगळं संपलं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत जे होतं ते बहुतेक आतूनच ठरलेलं असतं, एका धक्क्याने असं होत नाही. मी मान हलवली. नागपूरहून आई आली होती. ती स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता हळूच म्हणाली, "मी म्हणत होते, त्या फटफटीवर बसवू नकोस तिला." बायको बाहेरच्या खोलीत पडून होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. आई पंधरा दिवस राहिली आणि गेली.

आई गेल्यावरच्या रविवारी मी गाडी घेऊन बनशंकरीतल्या एका मेकॅनिककडे गेलो. पन्नाशीचा, शांत माणूस. माझं मोडकं कन्नड ऐकून मराठीत बोलायला लागला. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, घरात मराठी, बाहेर कन्नड. त्याने पुढचं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उघडला आणि मला जवळ बोलावलं.

"लायनर संपलंय की सर. लोखंडावर लोखंड घासतंय. आवाज येत नव्हता?"

"येत होता," मी म्हणालो.

"किती दिवस?"

महिनाभर तरी येत होता. ऑफिसात काम फार होतं, पुढच्या रविवारी दाखवू, असं मी चार रविवार म्हणत राहिलो होतो. हे मी त्याला सांगितलं नाही. घरी बायकोलाही नाही.

"नुसते लायनर नकोत," मी म्हणालो. "ब्रेक आणि शॉकअप, जे जे चांगलं करता येईल ते सगळं करा."

"सरी, ठीक आहे सर. पण वेळ लागणार."

वेळ लागला, आणि मला तो लागायला हवाच होता. दर रविवारी सकाळी मी त्याच्याकडे जायचो आणि संध्याकाळी परतायचो. आठवडाभर बसने ऑफिसला जायचो. आधी पुढचा ब्रेक झाला. मूळच्या ब्रेकमध्ये ड्रमला आतून दाबणाऱ्या दोन बुटांपैकी एकच नीट पकडायचा. मेकॅनिकने जुन्या मालाच्या बाजारातून दोन्ही बूट एकदम पकडणारी प्लेट शोधून आणली आणि ती बसेपर्यंत लेथवर दोनदा घासून घेतली. मग पुढचे फोर्क. आतल्या स्प्रिंगा बदलल्या, जाड तेल भरलं, गळणारी सीलं काढून नवी बसवली. मागचे शॉकअप मात्र काही केल्या जमेनात. एक जोडी फार कडक, दुसरी फार मऊ. तिसरी जोडी उंच होती, तिची खालची कडी कापून परत जोडावी लागली.

ती बसवल्यावर मेकॅनिकने विचारलं, "मागं कोण बसतं?"

"बायको."

"वजन?"

लग्नात पंचावन्न होतं. आता ती किती उरली होती, मी नीट पाहिलंच नव्हतं. "पन्नास धरा," मी म्हणालो. त्याने पोत्यात वाळू भरून काट्यावर मोजली, पोतं मागच्या सीटला बांधलं आणि मला चक्कर मारायला पाठवलं. मी त्याच रस्त्याने गेलो. मातीचा गतिरोधक आता डांबराचा झाला होता. गाडी त्यावरून सावकाश वर गेली आणि सावकाश खाली आली. पुढे एका ठिकाणी मी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी जागेवर उभी राहिली. मी तसाच रस्त्याच्या कडेला बसून राहिलो, वाळूचं पोतं पाठीमागे बांधलेलं.

परत गेलो तेव्हा म्हणालो, "मागून अजून थोडं कडक लागतंय."

मेकॅनिकने गाडीवर हात टेकवून ती दोनदा दाबून पाहिली. "सर, स्वल्प ऐका. याच्यापुढं ही गाडी चांगली होत नाही. तुमी चार महिने येताय. आता रविवारी घरी बसा."

मी गाडी घरी आणली. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी खालूनच म्हटलं, "ये, एक चक्कर मारू." ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. मागे बसली. खांद्यावर हात ठेवला नाही. सीटमागचा लोखंडी दांडा धरला. मी तिला बनशंकरीपर्यंत नेऊन आणलं. एकही खड्डा लागला नाही. घराशी उतरल्यावर मी विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली झालीये." मग तिने विचारलं, "हे कुणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी."

"मी तुला कधी म्हटलं, गाडीमुळे झालं म्हणून?"

"नाही."

"डॉक्टरीणबाईंचं मला तेव्हाच पटलं होतं. मी परत एकदा जाऊनही विचारून आले त्यांना. एकटीच गेले. रविवार होता." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आठवडाभर तू ऑफिसात. मी रविवारची वाट बघायचे. मला कुणीतरी घरात हवं होतं, एवढंच. तू सकाळी उठून जायचास आणि हाताला ग्रीस घेऊन यायचास."

त्या वेळी मी तिला ब्रेकच्या आवाजाबद्दल सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर पुन्हा गाडीचंच बोलणं झालं असतं, आणि खरं म्हणजे मला धीर झाला नाही. ती वर निघून गेली.

पुढच्या रविवारी मी घरी राहिलो. तिने चहा केला, मी पेपर वाचला. तिने मटार सोलायला घेतले, मी तिच्या समोर जाऊन बसलो आणि सोलू लागलो. दुपारपर्यंत आम्ही घरमालक, पाणी आणि तिच्या बहिणीच्या पत्राबद्दल बोललो. मग मटार संपले. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी, ते मला माहीत नव्हतं. चार वाजता तिने आतून विचारलं, "आहेस ना?" मी म्हणालो, "आहे."