राखणीची झोप

निवृत्त झाल्यापासून रत्नागिरीतल्या आमच्या शेजारच्या काकांची झोप उडाली. सकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी भेटले की सांगणार, "दोनचे ठोके ऐकले, तीनचे ऐकले. डोळ्याला डोळा म्हणून नाही!" दुधात जायफळ झालं, तळपायांना तेल झालं, गुण कशाचाच नाही; दोष सगळा रात्री पंखा बंद पाडणाऱ्या भारनियमनाला.

शेवटी काकूंनी त्यांना दिवसा आंब्याच्या राखणीला बसवलं. नाहीतरी जागेच असतात!

एका दुपारी गडग्यावरून डोकावलो, तर आंब्याच्या कलमावर सात-आठ वानर, आणि खाली खुर्चीत काका घोरतायत. वानर हाकायचा पत्र्याचा डबा मांडीवर. मी धावत जाऊन तो बडवला. वानर पळाले.

काका डोळे न उघडताच म्हणाले, "अरे, हळू बडव. रात्रभर टक्क जागा आहे मी."