कार्ड माझं, अर्ज त्याचा

औषधांच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. लेबलवर लिहिलंय तेच बाटलीत आहे का, हे तपासणं माझं काम. विश्वास न ठेवण्याचाच पगार मिळायचा म्हणा. रिटायर झाले तेव्हा पगार थांबला, सवय राहिली.

केमोथेरपी संपून वर्ष झालं तरी माझ्या तळपायांची आग जाईना. ओट्यापाशी उभं राहून चार पोळ्या लाटणं जमत नव्हतं. नसांसाठी दिलेल्या गोळ्यांनी दिवसभर झापड यायची. शेवटी पेन क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी मेडिकल कॅनबिसचं नाव काढलं.

"म्हणजे गांजाच ना?" मी विचारलं.

झाड तेच, त्या म्हणाल्या, पण प्रमाण ठरलेलं, जिभेखाली घ्यायचे थेंब. आमच्या न्यू जर्सीत सज्ञान माणूस तो दुकानातून असाही घेऊ शकतो. पण मला दोन-तीन औषधं आधीच चालू होती, म्हणून सगळं नोंदीत आणि देखरेखीखाली असावं, असा त्यांचा आग्रह होता. हे लिहून देण्यात यांचा काय फायदा असेल, हा विचार तिथल्या तिथे माझ्या मनात आला.

त्यासाठी राज्याचं पेशंट कार्ड लागणार होतं, म्हणून घरी येऊन राज्याची वेबसाइट शोधली. सगळ्यात वर आली ती अगदी सरकारी दिसत होती. नाव, आजार, फोन नंबर भरून झाल्यावर तळाशी बारीक अक्षरात दिसलं की ही खाजगी कंपनी आहे. पुढचे चार दिवस मी अनोळखी नंबरचा एकही फोन उचलला नाही. खरा अर्ज नंतर केला. डॉक्टरीणबाईंनी दिलेला नोंदणी नंबर, लायसन्स, पत्त्याचा पुरावा, फोटो. मागे सावली पडली म्हणून फोटो परत आला. दुसरा नवऱ्याने गॅरेजच्या पांढऱ्या दारासमोर उभं करून काढला.

त्याच सुमारास त्याने अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज केला होता. मी कधीच सिटिझन झाले होते. तो मात्र इतकी वर्षं ग्रीन कार्डवरच होता, भारतीय पासपोर्ट सोडायला तयार नव्हता. पण मी हॉस्पिटलमध्ये असताना नागपूरहून घाईने परत येताना त्याला इथल्या विमानतळावर इमिग्रेशनवाल्यांनी एका खोलीत तासन् तास बसवून ठेवलं. तिथून बाहेर आला तेव्हाच त्याचं ठरलं होतं.

माझं कार्ड आल्यावर मला शंका आली, याने त्याच्या अर्जाला अडचण तर येणार नाही? आम्ही वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, राज्याचा कायदा परवानगी देतो, केंद्राचा देत नाही. तुम्ही सिटिझन आहात, तुमचं ठीक. यांनी मात्र हात लावायचा नाही, विकत आणायचं नाही, तुमच्या वतीने औषध आणणारे केअरगिव्हर म्हणूनही नाव द्यायचं नाही. अर्जात असल्या गोष्टींबद्दल सरळ प्रश्न असतात आणि इंटरव्ह्यूत शपथेवर उत्तर द्यावं लागतं.

मी घरात नियम केले. बाटली माझ्या कपाटात, पावत्या माझ्या पर्समध्ये, दुकानात मी एकटी ड्राइव्ह करून जाणार. पहिल्यांदा गेले तर पार्किंगमध्ये आमच्या बुद्धवंदनेला येणाऱ्या एका काकांची गाडी दिसली. त्यांचीच होती की तशीच दुसरी, कुणास ठाऊक. मी गाडी वळवून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. गार्डने कार्ड तपासलं, आतलं दार उघडलं. मी आधी बॅच नंबर आणि लॅबचा रिपोर्ट मागितला. काउंटरवरच्या मुलीने न कुरकुरता काढून दिला. रिपोर्टमध्ये चूक सापडली नाही, याचंही मला थोडं वाईट वाटलं.

थेंबांनी आग गेली नाही, पण कमी झाली. तीन आठवड्यांनी मी उभ्याने पूर्ण स्वयंपाक केला. महिन्याच्या वंदनेत मात्र पंचशील म्हणताना, नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की माझा आवाज खाली जायचा. नवरा म्हणाला, औषध म्हणजे नशा नाही. फार पटकन म्हणाला.

मग बाटली लवकर संपायला लागली. मी वापरत होते त्याच्या हिशेबात बसेना. आधी दुकानावर संशय घेतला, मग ड्रॉपरवर. पाण्याचे थेंब टाकून ड्रॉपर तपासला, तो बरोबर निघाला. मग बाटलीवर मार्करने बारीक रेघ मारली. चौथ्या दिवशी पातळी रेघेच्या इतकी खाली होती की संशयाला जागाच उरली नाही. घरात आम्ही दोघंच.

तरी मी आठवडाभर गप्प राहिले. तो जेवताना त्याचे डोळे बघायचे, खोकला तरी कान टवकारायचे. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात भेटलेल्या माणसावर मी पाळत ठेवत होते आणि त्याची लाज वाटण्याऐवजी मला राग येत होता.

एका रविवारी सकाळी तो मेथी निवडत बसला होता. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"कधीपासून?"

त्याने नाकारलं नाही. जुडी बाजूला सरकवली. "तुझ्या स्कॅनची तारीख आली तेव्हापासून."

कॅन्सर परत आलाय का, हे त्या स्कॅनमध्ये कळणार होतं. मग हळूहळू सांगितलं. झोप लागत नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. मला सांगितलं असतं तर मीच घाबरले असते. एकदा चार थेंब घेतले, बरं वाटलं, म्हणून परत घेतले. सगळं मिळून आठ-दहा वेळा. मला ऐकवेना. माझ्या दुखण्याने याला असं पोखरलं होतं आणि मी मात्र बाटली मोजत बसले होते.

पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे? इंटरव्ह्यूत नाही म्हणून सांग."

खोट्या रिपोर्टवर एकदाही सही न केलेली मी हे बोलले.

"पाचवं शील मी मोडलं," तो म्हणाला, "आता चौथंही मोडू?" चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं.

मी समोर बसले आणि उरलेली मेथी निवडली.

वकिलाला त्याने स्वतःच फोन केला. वकिलाचा सल्ला असा की इंटरव्ह्यूला जाऊ नका, अर्ज मागे घ्या, हे पूर्ण बंद करा, मधे पुरेसा काळ जाऊ द्या. मला वकिलाचाही संशय आला आणि दुसऱ्याला विचारलं. तोही तेच म्हणाला. नवऱ्याने अर्ज मागे घेतला. इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेल्या प्रश्नांचे कागद मायक्रोवेव्हवर चिकटवले होते, ते त्याने एकेक करून काढले.

स्कॅन स्वच्छ निघाला. कार्डाची मुदत संपत आली तेव्हा मी ठरवलं की आता नूतनीकरण करायचं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, घरात त्रास झाला. त्यांनी नेमकं काय झालं ते विचारलं नाही. किती चालता, किती वेळ उभ्या राहता, एवढंच विचारलं आणि म्हणाल्या की थांबवायचं असेल तर थांबवा, पण तुमच्या पायांसाठी थांबवा, दुसऱ्यासाठी नको. घरी आल्यावर नवराही तेच म्हणाला आणि संध्याकाळी कुलपाची एक लहान पेटी घेऊन आला. दोन्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी कार्ड रिन्यू केलं.

आता सकाळी आम्ही कालव्याच्या काठाने चालायला जातो. मी पहिल्या बाकापर्यंत, तो पुढच्या पुलापर्यंत. त्याची झोप सुधारली आहे, असं तो सांगतो. त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं का, हा प्रश्न बाकावर बसल्या बसल्या मला अजूनही पडतो. मी विचारत नाही. तो परत येताना दिसला की उठून उभी राहते आणि आम्ही घराकडे वळतो.